आमंत्रितांचा रकाना

हेल्काला ताउनो डोळ्यांसमोर नको असायचा, आणि त्याला कारणही तसंच होतं. तीन वर्षांपूर्वी इस्पितळाच्या चौथ्या मजल्यावर हा सर्जन हातातली हिरवी टोपी चुरगाळत तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "रक्ताची गाठ फुप्फुसात गेली. ऑपरेशन नीट झालं होतं. वाईट झालं." एवढं बोलून तो वळला आणि चालायला लागला. नवरा गेलेल्या बाईला मोजून तीन वाक्यं. मासळीवालीसुद्धा सुटे पैसे परत देताना याहून जास्त बोलते.

पण नावडणं वेगळं आणि संशय वेगळा. संशय आला तो यंदाच्या मार्चमध्ये, आणि तो आकड्यांतून आला. हेल्काचा माणसांवर नसला तरी आकड्यांवर विश्वास होता, त्यामुळे तो मनातून जाईना.

फिनलंडमधल्या हार्युसाल्मी आणि आसपासच्या गावांत दहा वर्षं एक मोठी चाचणी चालली होती. साठी ओलांडलेल्या सगळ्या बायाबाप्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या कॉम्प्युटरनं टाकल्या. निम्म्यांच्या घरी एक पाकीट गेलं: शौचाचा नमुना या कागदावर लावा आणि टपालानं परत पाठवा. त्यात डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं, तर इस्पितळात बोलावून आतड्यात नळी घालून बघायचं. उरलेल्या निम्म्यांना काहीच पाठवलं नाही. आपण कसल्या चिठ्ठीत होतो हेही त्यांना ठाऊक नव्हतं. दहा वर्षांनी दोन्हीकडे आतड्याच्या कॅन्सरनं किती गेले ते मोजायचं. पाकीटवाल्यांत कमी निघाले तर पाकीट साऱ्या देशात जाणार. मंत्रालय मे महिन्यातल्या निकालाची वाट बघत होतं. डॉक्टर मंडळींनी तर मनातल्या मनात पेढेही वाटून टाकले होते.

मोजणारी हेल्का. ती आकड्यांची बाई, आणि जीभ अशी की डॉक्टर तिच्या खोलीत शिरण्याआधी दोनदा विचार करत. कुणी छाती फुगवून सांगावं, की तपासणीत सापडलेले रोगी निदानानंतर इतरांपेक्षा दोन वर्षं जास्त जगतात, तर ही म्हणायची, "आदल्या रात्रीच स्टेशनावर जाऊन बसलं म्हणून गाडी उशिरा सुटत नाही रे. तुझं वाट बघणं तेवढं वाढतं." म्हणून तिच्या हिशोबात जगण्याची वर्षं नव्हतीच. चिठ्ठीनं कुठल्या बाजूला पडला आणि कशानं मेला, एवढंच ती बघे. पाकीट उघडून नमुना पाठवणारा आमंत्रित, आणि न उघडता चुलीत घालणाराही आमंत्रितच. पाठवणारे मुळातच जिवाला जपणारे असतात. तेवढेच मोजले तर कुठलीही तपासणी गुणकारी दिसेल. या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

तिचा नवरा ओलावी या नियमाला धरूनच तिची थट्टा करायचा. चिठ्ठीत तो पाकिटाच्या बाजूला पडला होता, आणि पाकीट तीन आठवडे फ्रीजवर पडून होतं. कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेला, दिवसभर मागच्या शेडमध्ये लाकूड तासत बसणारा, धडधाकट माणूस. तो म्हणायचा, "मी टाकून दिलं तरी तुझ्या हिशोबात आमंत्रितच ना? मग मी कशाला त्या घाणीत हात घालू?" हेल्का म्हणाली, "अरे, माझ्याच घरचं पाकीट परत आलं नाही तर ऑफिसात मी काय तोंड दाखवू?" तिनं त्याचा पिच्छा पुरवला. शेवटी त्यानं पाठवलं. नमुन्यात रक्ताचा ठिपका निघाला, नळीतून कॅन्सरची एक लहानशी गाठ दिसली, ताउनोनं ऑपरेशन करून ती कापून काढली, आणि आठवडाभरानं ओलावी गेला. 'मी पाठवायला लावलं' हे हेल्कानं एका लेम्पीखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं. पोटच्या पोरीलासुद्धा नाही.

लेम्पी म्हणजे पंचांची प्रमुख. चाचणीतला कुणी मेला, की तो कॅन्सरनं मेला की दुसऱ्या कशानं, हे ठरवायला तीन पंच नेमलेले होते. लेम्पी चाळीस वर्षं गावच्या आरोग्यकेंद्रात डॉक्टर होती. पांढऱ्या केसांची, मऊ आवाजाची, अर्ध्या गावाची आईच म्हणा ना. दुसरा ताउनो, सर्जन. तिसरा यारी, सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसणारा, वयानं सगळ्यांत धाकटा. मेलेल्याचे कागद त्यांच्याकडे जायच्या आधी ऑफिसात काळ्या शाईनं नाव, गाव, डॉक्टरचं नाव आणि पाकिटाचा सगळा उल्लेख पुसला जाई. माणूस कुठल्या निम्म्यातला, हे पंचांना कळता कामा नये. तिघं बसत, कॉफी पीत, कागद वाचत, आणि दोघांचं मत पडेल तो निकाल. निकाल हेल्काकडे येई. कोण काय म्हणालं ते खोलीबाहेर येत नसे. आपणच तपासलेल्या रोग्याचे कागद निघाले, तर त्या पंचानं उठून बाहेर जायचं.

आणि एक नियम होता, तो हेल्कानंच आग्रहानं घातलेला: कॅन्सरच्या तपासणीनं किंवा उपचारानं कुणी दगावला, तर तो कॅन्सरचाच मृत्यू धरायचा. औषधानं मेलेले वेगळ्या ढिगात टाकले, तर विषही औषध ठरेल, असं ती म्हणायची.

तर मार्चमध्ये तिनं निकाल मांडले. पाकीटवाल्यांत कॅन्सरचे मृत्यू खरंच कमी होते. बाहेर सगळे खूश होते. पण हेल्काच्या मनात पाल चुकचुकली, कारण एकूण मेलेले दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. मग तिनं ऑपरेशननंतर महिन्याभरात गेलेले तेवढे वेगळे काढले. पाकीट न गेलेल्या बाजूला त्यांतले बहुतेक 'कॅन्सर' असे लिहिलेले. पाकिटाच्या बाजूला बहुतेक 'हृदय', 'फुप्फुस', 'पक्षाघात'. तिनं दोनदा मोजलं, तरी तेच. टपालानं पाकीट आलं म्हणून कुणाचं काळीज कमजोर होत नाही. चिठ्ठ्या नीट पडलेल्या होत्या, हे तिनं स्वतः तपासलेलं. म्हणजे कागद वाचणाऱ्यांपैकी कुणालातरी दिसत होतं की कोण कुठल्या बाजूचा आहे. कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्या 'फुप्फुस'वाल्यांत ओलावी होता. नाव पुसलेलं होतं, पण त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गिरणीत गेल्याचं शाईतून सुटलं होतं. निकाल: इतर कारण.

आता सांगा, तिनं कुणावर संशय घ्यावा? कुठल्या सर्जनला आपल्या सुरीखाली गेलेला माणूस कॅन्सरच्या, म्हणजे या नियमानं उपचारानं दगावलेल्यांच्याही, खात्यावर लिहायला आवडेल? पाकिटांमुळे ताउनोच्या विभागात ऑपरेशनची दोन नवी टेबलं आली होती. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, तो बोलत नसे. ऑफिसातली मुलगी सांगे, की बैठकीत तो बसतो, कॉफी पितो, चिठ्ठीवर मत लिहितो, उठून जातो. जो माणूस दहा वर्षांत एकदाही वाद घालत नाही, त्याच्या पोटात काहीतरी असणारच, असं हेल्काला वाटलं. ओलावीच्या कागदांच्या वेळी हा बाहेर गेला असेल यावरही तिचा विश्वास बसेना. स्वतःच्या हातानं झालेलं स्वतःच झाकलं असणार. रात्रंदिवस तिच्या डोक्यात हेच. ओलावी खरा कशानं गेला ते कागदावर यायला हवं होतं, आणि ज्यानं खोटं लिहिलं त्याचं नावही. त्याशिवाय तिला झोप लागणार नव्हती.

तिनं आधी शाई तपासली. कागद खिडकीच्या काचेला लावून उजेडात धरले. काळ्यामागचं एक अक्षर दिसेना. ऑफिसातल्या मुलीला विचारलं, कागद मध्ये कुणी मागितले होते का. ती बिचारी रडकुंडीला आली. मग हेल्का सरळ पंचासारखी खाली बसली आणि एकामागून एक कागद वाचत गेली. दहाएक वाचल्यावर तिच्या लक्षात आलं, की अरे, मलाही कळतंय. न बोलावलेल्याचे कागद सुरू होत ते तक्रारीनं: तीन महिने रक्त जातंय, वजन उतरलं, जिना चढवत नाही. बोलावलेल्याची तक्रारच नाही. कागद सुरू होतो तो थेट नळीच्या तपासणीपासून. काय लिहिलंय ते पुसता येतं. जे लिहिलेलंच नाही ते कसं पुसणार? दहा वर्षांत हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, तिच्याही नाही, आणि याचा तिला स्वतःचाच राग आला.

म्हणजे तिघांनाही कळत असणार. पण कळण्याचा फायदा घेतला कुणी?

रविवारी ती तळ्यावर गेली. बर्फ अजून ट्रक जाईल इतका जाड होता, आणि उन्हात माणसं मासे धरायला बर्फात पाडलेल्या आपापल्या भोकापाशी पेटीवर पाठमोरी बसलेली. ताउनो सगळ्यांत लांब. हेल्का त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. त्यानं मान हलवली आणि पुन्हा भोकाकडे बघायला लागला.

"कागद वाचताना तुला कळतं का रे, माणूस कुठल्या बाजूचा ते?"

त्यानं हातभर दोरी वर ओढली, पुन्हा सोडली. "कळतं."

"आणि तू हे कुणाला सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलं नाही."

हेल्काला वाटलं, घ्या, चोरानं कबूलच केलं. तिनं विचारायला हवं होतं की कळल्यावर तू लिहितोस काय. पण तिच्या तोंडून ते निघेना, कारण उत्तर तिनं मनात आधीच लिहून टाकलं होतं. ती वळली तेव्हा त्यानं नुकताच काढलेला मासा पुढं केला आणि घेऊन जातेस का विचारलं. हेल्काच्या अंगाचा तिळपापड झाला. लाच म्हणून मासा, तोही वीतभर. ती मासा न घेताच किनाऱ्याकडे चालू लागली.

संध्याकाळी तिनं लेम्पीला फोन करून सगळं सांगितलं: शाई, तक्रारीचं वाक्य, ताउनोनं कबूल केलं तेही. लेम्पीनं आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की ताउनो तसा नसावा, पण सर्जन तो सर्जनच, कुणी सांगावं. आणि आता मे तोंडावर आलाय, दहा वर्षांचं उकरून काढशील तर सगळ्यांच्याच तोंडाला काळं लागेल, थोडं सबुरीनं घे. हेल्काला वाटलं, बिचारी थकली आहे.

सबुरी हा शब्द हेल्काला ठाऊक नव्हता. तिनं मग आपल्या धंद्यातली जुनीच युक्ती काढली. पंच आज एक आणि उद्या दुसरं तर म्हणत नाहीत ना, हे बघायला निकाल लागलेले काही कागद पुन्हा वाचायला पाठवतात. त्यात वावगं काही नाही. यावेळी तिनं एवढंच केलं, की ऑपरेशननंतर दगावलेल्यांचे थोडे कागद काढले आणि नव्यानं टाइप केले. अर्ध्यांत तक्रारीचं वाक्य होतं ते गाळलं. अर्ध्यांत नव्हतं तिथं घातलं: दोन महिने रक्त जातंय, अशक्तपणा. बाकी अक्षर बदललं नाही. ओलावीचे कागद मात्र तिनं त्यात घेतले नाहीत. तेवढी ती शुद्धीवर होती. कागद तिघांच्या घरी गेले आणि प्रत्येकानं आपलं मत परस्पर तिलाच टपालानं कळवायचं होतं.

ताउनोचं पाकीट सगळ्यांत आधी आलं. तिनं ते चाकूनं फोडलं, आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झाला होता, शिकार जाळ्यात आल्यासारखा. कागद उलगडला. कॅन्सर. कॅन्सर. कॅन्सर. वाक्य असो नसो, ऑपरेशननं गेलेला प्रत्येक माणूस त्यानं कॅन्सरच्या खात्यावर घातला होता, तिच्या नियमात होतं तसा. एकही इकडचा तिकडे नाही. तिनं खिडकीपाशी जाऊन पुन्हा वाचलं. मग तिला वाटलं, याला सुगावा लागला असणार, म्हणून शहाण्यासारखा वागलाय. संशयाचं असंच असतं. पुरावा उलटा निघाला तरी त्याचं पोट भरत नाही.

यारीचं मत कधी इकडे, कधी तिकडे. एकट्यानं ठरवायची त्याला सवयच नसावी असं दिसत होतं.

लेम्पीचं पाकीट शेवटी आलं. तिच्या सुंदर, तिरप्या अक्षरात, वाक्य असेल तिथं 'कॅन्सर' आणि वाक्य नसेल तिथं 'इतर कारण'. तोच माणूस, तेच ऑपरेशन, तेच मरण. एका ओळीनं निकाल फिरत होता, आणि दर वेळी एकाच दिशेनं. हेल्का तिथंच खुर्चीत बसली.

लेम्पीच्या घरी वेलदोड्याचा पाव भट्टीतून नुकताच निघाला होता. हेल्कानं कोटही काढला नाही. आधीचे निकाल आणि आताचं मत, दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. लेम्पीनं चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. नाकबूल तिनं काहीच केलं नाही. ती म्हणाली, तिनं कधी कुठल्या बाजूचा असा विचार करून लिहिलं नाही. पण जो माणूस हसत-खेळत, काही दुखत-खुपत नसताना आला आणि टेबलावर गेला, त्याच्या नावापुढे 'कॅन्सरनं मेला' असं लिहायला तिचा हात धजत नसे. कॅन्सरनं त्याचं काय बिघडवलं होतं? आणि जो महिनोन्महिने रक्त जाताना सोसत होता, तो कॅन्सरनंच गेला असं तिला मनापासून वाटे, हेल्काच्या फोननंतरही. बैठकीत ती आधी बोले, यारी तिच्यामागून मान हलवी, आणि दोन मतं झाली की निकाल लागला.

"आणि ताउनो?" हेल्कानं विचारलं.

"तो दर वेळी वेगळं लिहायचा. हरायचा आणि उठून जायचा."

"दहा वर्षं? कधीच भांडला नाही?"

"दोघांनी ठरवलं की ठरलं, असा नियम आहे ना. नियमाशी काय भांडायचं, म्हणे." लेम्पी पावाचा तुकडा नुसताच कुस्करत होती. "तुझा फोन आला त्या दिवशीच सांगायला हवं होतं मी. भ्याले गं. म्हातारपणी अर्ध्या गावासमोर खोटी ठरणार म्हणून भ्याले."

"म्हणून त्याचं नाव पुढं केलंस."

लेम्पीनं मान खाली घातली. हेल्काला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच वेळी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडावंसंही वाटलं. दोन्हीपैकी काहीच न करता तिनं शेवटचं विचारलं. "ओलावीचे कागद आले तेव्हा ताउनो खोलीत होता?"

"नाही. बोटांचं वाचलं आणि लगेच उठून बाहेर गेला. मी आणि यारीच होतो." लेम्पीनं वर बघितलं. "तो निकाल मात्र मी समजून-उमजून दिला. तू रडत रडत मला सांगितलं होतंस ना, मीच त्याला पाठवायला लावलं म्हणून. म्हटलं, निदान कागदावर तरी तुझ्यावर दोष येऊ नये."

हेल्का घरी कशी आली ते तिला आठवत नाही. तीन वर्षं तिनं एका माणसाचा राग धरला, शेवटी त्याला मनातल्या मनात फासावर चढवलं, आणि ज्या बाईच्या कुशीत ती रडली होती तिनंच दयेपोटी सगळा हिशोब नासवला होता. रागवायला कुणी शत्रूही उरला नाही. यापेक्षा ताउनो लबाड निघता तर बरं झालं असतं.

एप्रिलमध्ये तिनं चौघांची बैठक बोलावली. लेम्पीनं प्रमुखपद सोडल्याचं सांगितलं, पण काम संपेपर्यंत बसेन म्हणाली. हेल्कानं नवा नियम वाचून दाखवला: ऑपरेशननंतर महिन्याभरात गेलेला प्रत्येक माणूस कॅन्सरच्या खात्यावर, मत नाही, चर्चा नाही, कुठल्याही बाजूचा असो. आकडा काय होतो ते तिनं आदल्या दिवशीच काढून ठेवलं होतं. पाकीटवाल्यांचा फायदा निम्म्यावर आला होता, आणि उरला तो इतका थोडा, की नुसत्या चिठ्ठ्यांच्या खेळानंही तेवढा फरक पडला असता. मंत्रालयाला सांगायचं होतं ते एवढंच, की पाकिटानं जीव वाचतात असं छातीठोक म्हणता येत नाही, आणि वाचत नाहीत असंही नाही. यारी हळूच म्हणाला, आपल्याला जोड्यानं मारतील. ताउनोनं कॉफी ओतून घेतली.

मग ते ढीग पुढं घेऊन बसले आणि एकेक कागद नव्या खात्यावर चढवत गेले. दोन बोटं गेलेल्या माणसाचे कागद वर आले तेव्हा ताउनो उठला. आता मत द्यायचं नव्हतं, बाहेर जायची काही गरज नव्हती. तरी तो नियमासारखा उठला आणि दाराबाहेर गेला. हेल्का त्याच्या मागोमाग गेली.

व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उभा होता. ती म्हणाली, की तिनं त्याच्याबद्दल फार वाईट विचार केला, आणि तोंडावर माफी मागते आहे. तो "हं" म्हणाला. तेवढ्यावर थांबेल असं तिला वाटलं, पण तो थांबला नाही.

"ओलावी गेला त्या दिवशीच तुला सांगायचं होतं. गाठ लहान होती. दहा वर्षं तशीच राहिली असती, किंवा दोन वर्षांत पसरली असती. तू विचारलं नाहीस, मग मीही नाही बोललो."

"मी विचारते आता. पाकीट पाठवलं नसतं तर ओलावी जगला असता?"

ताउनो भिंतीपासून सरळ झाला. "हजारांचं सांगता येतं, हेल्का. एकाचं नाही. हे मी तुला सांगायचं?"

हे ती तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आली होती, डॉक्टरांना, मंत्र्यांना, फोन करून रडणाऱ्या बायकांना. आज ते तिच्याच पदरात पडलं, आणि तिला ते फार क्रूर वाटलं. ती आत आली. दार मागं उघडंच राहिलं.

लेम्पीनं ओलावीच्या कागदांवर हात ठेवला होता. "हे एवढं राहू दे," ती हळू आवाजात म्हणाली. "तूच मोजून बघ ना. एकानं तुझ्या आकड्यात काही फरक पडत नाही."

हेल्कानं ते आधीच मोजलेलं होतं. खरंच पडत नव्हता. दशांशानंतरचा चौथा आकडासुद्धा जागचा हलत नव्हता. ओलावीला 'फुप्फुसा'तच राहू दिलं असतं तर जगात कुणाचं काही वाईट झालं नसतं, आणि रात्री तिला म्हणता आलं असतं, की त्याला रक्ताच्या गाठीनं नेलं, पाकिटानं नाही, मी नाही.

तिनं लेम्पीचा हात उचलून बाजूला ठेवला, हळूच, कारण तो हात म्हातारा होता. 'इतर कारण' खोडलं. वर लिहिलं: कॅन्सर. रकाना: आमंत्रित.

"मी लावलं त्याला पाठवायला," ती म्हणाली. मोठ्यानं, सगळ्यांसमोर. "तो नको म्हणत होता."

असं काही नसतं गं, असं कुणीही म्हणालं नाही. यारी टेबलाकडे बघत राहिला. लेम्पी रडत होती. मग ताउनो आत आला, आपल्या जागेवर न जाता हेल्काच्या शेजारची खुर्ची ओढून बसला, आणि ढिगातले पुढचे कागद त्यानं दोघांच्या मध्ये ठेवले.